उगारलेल्या हातासमोर

४ जानेवारी

मावशी,

नमस्कार घे आणि आधी खुर्चीत बस. उभ्या उभ्या वाचायचं हे पत्र नाही. मी कराटेच्या क्लासला नाव घातलंय.

आता तू चष्मा पुसून पुन्हा वाचशील, म्हणून पुन्हा लिहिते. कराटे. पांढरे ढगळ कपडे, पांढरा पट्टा आणि त्यात बेचाळीस वर्षांची तुझी भाची, उशीला अभ्रा घातल्यासारखी. हस, हसून घे. मग पुढचं वाच.

ऑक्टोबरात वॉर्डात एका पेशंटने मला मारलं, गालाचं हाड मोडलं, हे तुला कळवलं होतं. हाड जुळलं तेही कळवलं. पुढचं कळवलं नव्हतं. मावशी, माझ्यासमोर आता कुणी हात वर केलेला मला चालत नाही. श्वास अडकतो, डोळे गच्च मिटतात, पाय जमिनीला चिकटतात. परवा दुकानात एका माणसाने वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला, तर मी दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसले. त्या बिचाऱ्याने डबा होता तिथे ठेवला आणि उलट माझीच माफी मागितली.

मनोरुग्णांच्या वॉर्डात मी अठरा वर्षं काढली. पण डोळे मिटणारी नर्स तिथे काय कामाची? म्हणून मला औषधांच्या कोठारात बसवलंय. दिवसभर गोळ्यांचे खोके लावते. गोळ्या कुणाला मारत नाहीत, पण त्या कुणाशी बोलतही नाहीत. मोठ्या सिस्टर परवा स्पष्टच म्हणाल्या, "एप्रिलअखेर मला सांग. येणार असशील तर वॉर्डातली जागा तुझी. नाहीतर दुसरीला देते, मग तू कायमची कोठारात." मला कोठारात म्हातारं व्हायचं नाही.

क्लास फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये भरतो. वर जायला लोखंडी जिना आहे. तो चढूनच मला इतका दम लागला की सरांनी मला बघायच्या आधी ऐकलं. सर दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं कमी. "कशाला शिकायचंय?" म्हणाले. मी म्हटलं, "डोळे उघडे ठेवायला." ते हसले नाहीत. म्हणाले, "एप्रिलमध्ये नव्या लोकांची पहिली स्पॅरिंग असते. हातात जाड मोजे घालायचे, दातांवर रबराचं कवच, आणि दोन मिनिटं खरंखुरं समोरासमोर. तोवर दम वाढवू. डोळ्यांचंही बघू."

ती दोन मिनिटं आठवली की फी परत मागावीशी वाटते. पण नाव घातलंय. रागावू नकोस. आणि तुझा फोन का लागत नाही?

तुझी टिटवी


१३ जानेवारी

टिटवे,

खुर्चीत बसले, वाचलं, आणि तशीच बसून राहिले. लहानपणी तुला टिटवी म्हणायचो ते उगीच नाही. पान हललं तरी किंचाळायचीस. ती तू आता फी भरून मार खायला जाणार. तुझी आई असती तर तिने मलाच बोल लावला असता, तुझ्या लाडानेच ही अशी झाली म्हणून.

हसू मला आलं नाही बाई. तेच हाड पुन्हा मोडलं तर? हाडं काय लाकडाची असतात, खिळा ठोकला की झालं? कोठारात आहेस तर सुखाने बस ना. पण तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, तेव्हा निदान तोंडाला ते रबर-बिबर नीट लाव.

फोन बिघडलाय. चालू होता तेव्हा तरी काय, माझ्या कानात नुसती शिट्टी वाजायची. आपलं पत्र बरं. लिहिलेलं बहिरीलाही ऐकू येतं.

तुझे काका बरे आहेत. गवंडीकाम सोडून इतकी वर्षं झाली तरी सकाळी उठले की भिंतीवर हात फिरवून ओल बघतात. हल्ली थोडं विसरतात. परवा त्यांच्या चपला फ्रिजमध्ये निघाल्या. आम्ही खूप हसलो. म्हणजे मी हसले.

एक विचारते. हात येताना दिसतो तेव्हा नेमकं काय होतं गं? डोळे आधी मिटतात की श्वास आधी अडकतो? आणि तुझे सर त्यावर काय सांगतात? जरा सविस्तर लिही. मला आपलं कुतूहल.

मावशी


१ फेब्रुवारी

मावशी,

तू रागावशील असं वाटलं होतं आणि तू चक्क प्रश्न विचारलेस. बरं वाटलं. मग ऐक सविस्तर.

सध्या सगळा भर दम वाढवण्यावर. दोरीवरच्या उड्या मारायच्या, थांबायचं, पुन्हा मारायच्या. पहिल्या आठवड्यात दोरी माझ्या पायांत, मग मानेत, मग शेजारणीच्या पायांत. आता बरीच माझं ऐकते. कोठारात मी लिफ्टने जाणं बंद केलंय, खोके घेऊन जिन्याने जाते. पोटऱ्या इतक्या दुखतात की बसताना आणि उठताना वेगवेगळ्या शब्दांत कण्हते. सर म्हणतात, दमलेला माणूस आधी घाबरतो आणि मग चुकतो, म्हणून आधी दम.

तुझा प्रश्न मी त्यांना विचारला. श्वास आधी अडकतो, मावशी. मी स्वतःवर लक्ष ठेवून बघितलं. श्वास अडकला की खांदे वर जातात, खांदे वर गेले की डोळे मिटतात. म्हणून मारताना आणि मार खाताना, दोन्ही वेळी श्वास सोडायचा, चांगला आवाज करून. आणि मुठीकडे बघायचं नाही. समोरच्याच्या छातीकडे बघायचं. मूठ येण्याआधी खांदा हलतो, तो दिसतो. यासाठी सर माझ्या तोंडावर ओला स्पंज फेकतात. पाच फेकले तर चार वेळा मी डोळे मिटते. पाचव्यांदा फेकायच्या आधीच मिटते.

आणि आता माझी फजिती. शाळेची बस चालवणारी एक बाई क्लासला येते, आम्ही तिला ड्रायव्हरबाई म्हणतो. हात असे लांब की ती दारातून खिडकी लावेल. परवा तिच्याशी पहिल्यांदा थोडं स्पॅरिंग करून बघितलं. तिने ठोसा टाकला आणि मी काय करावं? तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि म्हटलं, "शांत व्हा, काही होणार नाही, आपण बसून बोलू." वर अंगठा तिच्या नाडीवर! सगळ्या हॉलमध्ये जे हसू फुटलं म्हणतेस. सर म्हणाले, "बाई, इथे पेशंट तुम्ही आहात."

मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन ओकले. हात धुताना नळ बंद करता येईना इतके हात कापत होते. हे तिथे कुणाला माहीत नाही.

तुझी टिटवी


११ फेब्रुवारी

टिटवे,

तू नळ बंद करू शकली नाहीस हे वाचून मला इथे कसंतरी झालं. मला कळतं गं ते. हात कापतात तेव्हा कपबशीचा पण आवाज होतो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. श्वासाचं खरं आहे. छातीकडे बघायचं तेही करून बघण्यासारखं आहे.

आता एक गंमत. शेजारच्या शिंपिणीची मुलगीही हल्ली असलंच काही शिकते. तुझं ऐकून ती मला विचारत होती, तिच्यासाठी तुझ्या सरांना विचारून कळव. तिच्या समोरचा माणूस चांगला उंच आहे, हात जड आहे, आणि सांगून येत नाही. आत्ता हसत असतो आणि आत्ता अंगावर. ती मागे सरकते, पण जागा लहान, दोन पावलांत पाठ ओट्याला लागते. ओरडून उपयोग नाही. परत मारायचं तर तिच्या मनातही येत नाही. मग तिने करायचं काय?

लवकर कळव. ती रोज विचारते.

माझ्या कपाळाला टेंगूळ आलंय. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. वय झालं की घरातलं सामानसुद्धा अंगावर येतं.

मावशी


२२ फेब्रुवारी

मावशी,

टेंगळाला बर्फ लावलास ना? आणि त्या कपाटाची कडी दुरुस्त करून घे, काका घरात असताना दार उघडं राहतंच कसं?

शिंपिणीच्या मुलीचा क्लास काय स्वयंपाकघरात भरतो की काय, पाठ ओट्याला लागायला! पण तिचा प्रश्न अगदी माझाच आहे. मीही मागेच जायचे. सरांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "आता कुठे जाल?" मग त्यांनी युक्ती दाखवली. हात लांब असलेल्या माणसापासून मागे गेलं की आपण नेमकं त्याच्या माऱ्यात जातो. म्हणून मागे जायचंच नाही. खांदा हलला की श्वास सोडायचा आणि एक पाऊल पुढे टाकायचं, एकदम जवळ, छातीला छाती लागेल इतकं. तिथे मुठीला जागाच उरत नाही. हात धरून ठेवायचे. समोरचा गोंधळतो.

तिला सांग, सुरुवातीला जीव जातो असं वाटतं. पण मी काल ड्रायव्हरबाईबरोबर हे केलं! डोळे उघडे होते की नाही सांगता येत नाही, पण पाऊल पुढे पडलं. ती म्हणाली, "अगं, तू अंगावरच आलीस की." मला इतका आनंद झाला की जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले.

एवढं मात्र आहे. आज कोठारातून निघताना वॉर्डाच्या बाजूने गेले. आतून कुणीतरी मोठ्याने ओरडलं. मी परत फिरले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. एप्रिल जवळ येतोय.

तुझी टिटवी


१६ मार्च

मावशी,

तीन आठवड्यांत तुझी एक ओळ नाही. रागावलीस का? काका बरे आहेत ना? मी मागच्या पत्रात काही वेडंवाकडं लिहिलं का, ते मीच आठवून बघते.

स्पॅरिंगची तारीख ठरली, १० एप्रिल, शनिवार. ड्रायव्हरबाईच समोर आहे. दम आता पुरतो. दोन मिनिटं काय, चार मिनिटं नाचेन. पण भीती तिथेच आहे. मला वाटलं होतं दम वाढला की भीती कमी होईल. झालं एवढंच की आता घाबरायलाही जास्त दम आहे.

दोन ओळी टाक. खरंच टाक.

टिटवी


२४ मार्च

टिटवे

डाव्या हाताने लिहिते. अक्षर लावून घे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. न्हाणीघरात घसरले. डॉक्टर म्हणाले जुळेल.

शिंपिणीच्या मुलीने तू सांगितलंस तसं केलं. एक पाऊल पुढे गेली. हात धरले. तो गोंधळला नाही. घाबरला. फार घाबरला. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. जोरात ढकललं. ती पडली.

सरांना सांग, ही युक्ती सगळ्यांसाठी नाही.

तुझे काका शेजारी बसलेत. आत्ता शांत आहेत. हाताला काय बांधलंय, कुणी बांधलं, सारखं विचारतात. त्यांनी फुंकर पण घातली.

मावशी


२८ मार्च

मावशी,

शिंपीण गेल्या वर्षीच तिच्या मुलाकडे राहायला गेली. तिच्या घराला कुलूप आहे, हे तूच मला लिहिलं होतंस. आणि तिला मुलगी नाही.

मी कोठारात खोक्यांच्या मधे बसून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. चपला. कपबशी. कपाटाचं दार. ओटा. वॉर्डात पेशंटची बायको "कपाटाचं दार लागलं" म्हणाली की मी नुसती तिच्याकडे बघत राहायचे, आणि ती आपणहून खरं सांगायची. तुझं कपाट मात्र मला खरं वाटलं. माझ्या भीतीत मी इतकी बुडालेली होते की तुझी मला दिसली नाही.

आणि मी तुला काय शिकवलं! स्पॅरिंगमध्ये समोरच्याला ठाऊक असतं मी कोण, हा खेळ आहे, घंटा झाली की थांबायचं. काकांना कुठली घंटा? घाबरलेल्या माणसाच्या अंगावर कधी जायचं नाही, त्याला धरायचं नाही, हे मी वॉर्डात नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. तुला नेमकं उलटं सांगून बसले. तुझं मनगट माझ्या पत्राने मोडलं, मावशी.

आता हे नीट वाच. ते चिडायला लागले की जवळ जाऊ नकोस. समोर उभी राहू नकोस, जरा बाजूला हो. हात उघडे, त्यांना दिसतील असे ठेव. दार त्यांच्यासाठी मोकळं सोड आणि तुझ्यासाठीही. हळू बोल, वाद घालू नकोस. ओट्याजवळ पाठ लागेल अशी उभीच राहू नकोस. आणि डॉक्टरांना न्हाणीघराचं सांगितलंस ते खोडून खरं सांग.

मी दहा तारखेला, शनिवारी, तुझ्याकडे निघते. त्याच दिवशी स्पॅरिंग आहे, ती गेली. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुझं पत्र वाचून रडले, आणि रडता रडता मनात आलं, चला, सुटलो. तेव्हा तुझ्यासाठी येतेय की पळून येतेय ते माझं मलाच कळत नाही.

टिटवी


२ एप्रिल

टिटवे,

येऊ नकोस.

कळलंच आहे तर लिहिते. गेल्या वर्षीपासून चाललंय. आधी नुसतं विसरायचे. मग एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कोण? माझी बायको कुठे आहे?" मला वाटलं थट्टा करतात. म्हटलं, अहो, मीच की. तर चेहरा असा बदलला की मला माझा नवरा ओळखू येईना. "खोटं बोलतेस," म्हणाले आणि हात उठला. आता हे दर दोन-चार दिवसांनी. मी जितकं "मीच, मीच" म्हणते तितके ते पेटतात. फोन वाजला की घरात कुणी घुसलंय असं त्यांना वाटतं, म्हणून तो त्यांनीच भिंतीतून उपटला. थोड्या वेळाने सगळं विसरतात आणि मला विचारतात, चहा घेतलास का.

या माणसाने चाळीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही. हे घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलं. त्याच हाताला मी भिते. स्वयंपाकघरात पाऊल वाजलं की काळजात धस्स होतं. मी नवऱ्याला भिते, हे लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

तुला कसं सांगणार होते? डबा काढणाऱ्या माणसाला भिऊन तू खाली बसतेस. तुझ्या भीतीवर माझी कशी टाकू? म्हणून शिंपिणीची मुलगी काढली. तुझा दोष नाही. प्रश्नच मी खोटा विचारला, मग उत्तर खरं कुठून येणार?

म्हणून म्हणते येऊ नकोस. ते तुला ओळखतील याची खात्री नाही. त्यांचा हात त्याच गालावर पडला तर? मग तू वॉर्डात कधीच जाणार नाहीस. एवढी दोरीवर नाचलीस ती सगळी फुकट. माझं काय, मी म्हातारी. निदान तू तरी उघड्या डोळ्यांनी जग. स्पॅरिंग कर आणि मला कळव कशी झाली. तेवढ्यावर मी बरी राहीन.

मावशी


१७ एप्रिल

मावशी,

घरी नीट पोचले.

स्पॅरिंगचं तुला तिथे सांगितलंच. शनिवारी सकाळी दोन मिनिटं मार खाल्ला आणि तू नको लिहिलंस तरी संध्याकाळी तुझ्याकडे निघाले. नाक लाल, अर्धा वेळ डोळे बंद, पण घंटेपर्यंत उभी राहिले. ते सांगताना मी फार फुशारकी मारली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तुझ्यासमोर जीभ रेटेना, म्हणून लिहिते.

सोमवारची दुपार. तू जेवून आडवी झालीस आणि तुला गाढ झोप लागली. मी ओट्यापाशी भांडी पुसत होते. मागे वळले तर काका दारात. सकाळी त्यांनी मला ओळखलं होतं, टिटवी म्हणून हाक मारली होती. आता ओळख नव्हती. "कोण तू? आत कशी आलीस? माझी बायको कुठे आहे?"

मी जे तुला करू नकोस म्हणून लिहिलं, नेमकी तशीच उभी होते, पाठ ओट्याला लावून. दार त्यांनी अडवलेलं. बाजूला गॅसवर दूध. पुढे जायचं नाही, मागे जागा नाही. मावशी, अठरा वर्षांचा वॉर्ड आणि तीन महिन्यांचं कराटे, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मी "काका, मी टिटवी" म्हटलं, पण आवाज फुटला नाही, नुसती हवा निघाली.

त्यांचा खांदा हलला. तो मला दिसला. आणि मी श्वास सोडला, इतका मोठ्याने की मीच दचकले. डोळे उघडे होते. उघडे ठेवले असं म्हणणार नाही, ते राहिले. हात आला तो मी येताना बघितला. त्याच गालावर बसला. हाताबरोबर शब्द आले, "माझ्या बायकोला काही केलंस तर याद राख."

डोळे मिटले असते तर ते मी ऐकलं असतं, पण त्यांचा चेहरा बघितला नसता. ओठ थरथरत होते. त्यांना वाटत होतं मी तुला काहीतरी केलंय.

मी तिथेच फरशीवर बसले. यात युक्ती नव्हती, गुडघेच गेले. खालून त्यांना म्हटलं, "तुमची बायको आत झोपली आहे. दमली आहे. तिला उठवू नका." त्यांनी आत डोकावून बघितलं. पांघरूण बघितलं. हात खाली आला. मग माझ्याकडे वळून तोंडावर बोट ठेवलं, खुर्ची उचलून, न ओढता उचलून, तुझ्या दारात ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून बसले. माझ्यावर पहारा! तू उठलीस तेव्हा मी खाली बसून बटाटे सोलत होते आणि ते दारात. तू हसून म्हणालीस, "हे काय, कुणाची मिरवणूक निघायचीय?" मी केस गालावर ओढून घेतले होते.

ते तुला मारत नाहीत असं मी म्हणणार नाही. मारतात. मनगट तुझंच मोडलंय आणि त्याला कुणाचं प्रेम वगैरे लावून ते जुळायचं नाही. पण तू "मीच ती" म्हणतेस ना, तेव्हा त्यांना दिसते एक परकी बाई, त्यांची बायको पळवून वर तिच्याच नावाने बोलणारी. यापुढे ते म्हणू नकोस. आत झोपली आहे, म्हण. पण एकटी असताना हे करून बघू नकोस. आमच्या वॉर्डातून निवृत्त झालेले वॉर्डबॉय मामा, ज्यांच्याबद्दल मी तिथे तुझ्याशी बोलले, ते सोमवारपासून दिवसभर तुझ्याकडे येतील. पहाडासारखे आहेत आणि मांजरासारखे चालतात. डॉक्टरांनाही मी सगळं सांगितलंय, रागाव हवं तर.

काल मोठ्या सिस्टरांना म्हटलं, मी येते. लगेच आत पाठवलं, म्हणाल्या विचार बदलायच्या आत जा. दारातच एका आजींनी केस सारखे करायला हात वर केला. माझे डोळे मिटले. मग उघडले. आजी तिथेच होत्या, मीही तिथेच होते. त्यांचे केस मी विंचरून दिले. दिवसभर पाठीला घाम होता. उद्या पुन्हा जायचंय.

तुझी टिटवी


२९ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र वाचून आधी तुझ्या गालासाठी रडले. मग रागावले. मग तुझे काका झोपलेले होते, त्यांच्याकडे नुसती बघत बसले.

मामा येतात. चांगले आहेत. येतात ते कळत नाही, जातात तेही कळत नाही. यांना वाटतं ते बांधकामावरचे मुकादम आहेत. दोघं मिळून रोज भिंतीची ओल बघतात.

काल दुपारी यांचं पुन्हा तसं झालं. मी कपडे घडी करत होते. समोर येऊन उभे राहिले, "तू कोण? माझी बायको कुठे आहे?" माझ्या पाचावर धारण बसली. मामा खिडकीशी होते, तरी बसली. "अहो, मीच" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. बाजूला झाले, हात उघडे ठेवले, आवाज करून श्वास सोडला आणि म्हटलं, "आत झोपली आहे. दमली आहे बिचारी."

माझ्याच तोंडाने स्वतःला बिचारी म्हणताना कसं वाटलं ते सांगता येणार नाही.

"जेवली का?" म्हणाले. म्हटलं, "जेवली." मग खुर्ची आणली आणि खोलीच्या दारात बसले. मला खरंच आडवं व्हायचं होतं गं, पण मला आत सोडेनात. "तिला उठवशील," म्हणाले. मग मी काय करणार, तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून. त्यांचे हात मांडीवर होते, मी त्या हातांवर नजर ठेवून होते. भीती गेलेली नाही, तुला सांगते.

मग ते माझ्याकडे वाकले, परक्या बाईशी बोलावं तसे, हळू आवाजात म्हणाले, "हल्ली ती फार घाबरते. कशाला ते सांगत नाही. म्हणून मी इथे बसतो."

मी म्हटलं, "बसा."

मावशी